ऑपरेशनचा खर्च: फुले योजना, धर्मादाय खाट आणि मुख्यमंत्री निधी यांचं परीक्षण

घरात कोणाचं तरी ऑपरेशन अचानक ठरतं आणि डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घरच्या शिलकीच्या चौपट असतो. अशा वेळी महाराष्ट्रात ठोठावण्यासारखी दारं मुख्यतः तीन: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आणि मुख्यमंत्री सहायता निधी. तिन्हींचा अनुभव वेगवेगळा आहे, आणि लोक बहुधा त्यांच्याकडे उलट्या क्रमाने जातात. आधी ओळखीच्या आमदाराकडून मुख्यमंत्री निधीसाठी पत्र, मग धर्मादायची चौकशी आणि सगळ्यात शेवटी, निम्मं बिल भरून झाल्यावर, फुले योजनेचं टेबल. हा क्रम महागात पडतो. या तिन्हींचा एक नियम सारखा आहे: मदत रुग्णालयाला मिळते, रुग्णाच्या हातात नाही, आणि भरून झालेल्या बिलाची परतफेड कोणी करत नाही.

म्हणून खरी लढाई ॲडमिशनच्या काऊंटरवर होते. फॉर्मवर पैसे कसे भरणार याचा एक रकाना असतो: रोख, विमा कंपनी किंवा शासकीय योजना. घाईत नातेवाईक रोखीवर खूण करतात. काही रुग्णालयं त्याच वेळी ‘आम्हाला योजनेचा लाभ नको, स्वखर्चाने उपचार घेत आहोत’ अशा मजकुरावर सही घेतात. ती सही झाली की पुढे योजनेत जाणं किचकट होतं. वाचल्याशिवाय सही करू नये, आणि पेशंट आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा: इथे आरोग्यमित्र, म्हणजे फुले योजनेचं काम बघायला रुग्णालयात नेमलेला माणूस, कुठे बसतो?

महात्मा फुले योजना: पाचपैकी साडेतीन

योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून चालते. सर्वात मोठा बदल २०२३ च्या जुलैमधल्या शासन निर्णयाने झाला. कुटुंबाचं वर्षाचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही पात्र ठरलं. अंमलबजावणी २०२४ च्या जुलैपासून. पांढऱ्या कार्डाची ही गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही. ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबं टेबलापर्यंत जातच नाहीत.

५ लाख हे माणशी नव्हेत, कुटुंबाला मिळून वर्षभरासाठी. वडिलांची बायपास झाली असेल तर त्याच वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी उरलेली रक्कम किती हे आधी बघून घ्यावं लागतं. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला वेगळी मर्यादा आहे, साडेचार लाखांची.

चांगली बाजू अशी की पॅकेज खरोखर पॅकेज आहे. खाट, सर्जन, भूल, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, पेशंटचं जेवण आणि डिस्चार्जनंतरचा ठरावीक दिवसांचा फॉलोअप, सगळं एका ठरलेल्या दरात. मंजुरी ऑनलाइन येते. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र बघून नोंदणी करतो, डॉक्टर तपासण्यांचे रिपोर्ट चढवतात, पूर्वमंजुरी येते आणि मग ऑपरेशन. तातडीचा पेशंट असेल तर आधी फोनवरून कळवून मंजुरी घेता येते, कागद मागाहून. ‘आज रविवार आहे, योजना उद्या’ हे उत्तर तातडीच्या पेशंटच्या बाबतीत मान्य करायचं कारण नाही.

आता कुठे अडतं ते. पहिली अडचण रुग्णालयाच्या पॅनेलची. ‘हे हॉस्पिटल योजनेत आहे’ एवढ्यावर विसंबू नये. पॅनेल विशेषज्ञतेनुसार असतं. एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी पॅनेलवर असेल आणि हृदयाच्या नाही. प्रश्न असा विचारावा: ‘या पेशंटचं हे ऑपरेशन, या पॅकेजखाली, इथे होतं का?’ पॅकेजचं नाव किंवा कोड सांगायला आरोग्यमित्राला जड जात नाही. तो सांगत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकांवर विचारावं. आयुष्मान कार्डाच्या प्रश्नांसाठी १४५५५.

दुसरी अडचण काही प्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असण्याची. खासगी रुग्णालय ‘योजनेत बसत नाही’ म्हणतं तेव्हा त्यात दोन शक्यता असतात: प्रक्रिया यादीतच नाही, किंवा ती सरकारीसाठी राखीव आहे. दुसऱ्या बाबतीत वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तेच ऑपरेशन योजनेतून होतं. म्हणून नकार ऐकताना दोन्हीपैकी नेमकं काय, हे वदवून घ्यावं.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त माणसं अडवणारी गोष्ट म्हणजे नाव. रेशनकार्डावर ‘सखुबाई’, आधारवर ‘शकुंतला’. नवी सून कार्डावर चढलेलीच नाही. मुलगा कामाला पुण्यात, कार्ड परभणीचं. शेवटची अडचण खरं तर अडचणच नाही, कारण कार्ड राज्यातलं कुठलंही चालतं. पहिल्या दोन मात्र खऱ्या आहेत, आणि दुरुस्ती पुरवठा कार्यालयात होते, रुग्णालयात नाही. शिवाय आयुष्मान कार्डासाठी आधार ई-केवायसी करताना राबून घासलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. मग ओटीपी, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. घरी कोणी आजारी नसताना या तीन गोष्टी तपासून ठेवल्या तर निम्मं काम झालं: कार्डावर सगळ्यांची नावं, नावांचं स्पेलिंग आणि आधारचा चालू नंबर.

चौथी म्हणजे ‘वरचे पैसे’. ‘योजनेतला स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर तीस हजार भरा’ हे वाक्य ऐकू आलं तर सावध व्हावं. पॅकेजमध्ये इम्प्लांट येतं आणि पॅनेलवरच्या रुग्णालयाला पेशंटकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. रोखीने उपचार घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं की फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीला केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे, आणि बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवून ब्रँड, उत्पादक व बॅच नंबर लिहावा लागतो. ‘अँजिओप्लास्टी पॅकेज’ अशी एकच ओळ असलेलं बिल परत देऊन फोड मागावी. गुडघ्याच्या इम्प्लांटलाही त्याच वर्षी किंमतमर्यादा आली.

दीड गुण कापले ते पॅनेलच्या या गोंधळासाठी आणि आरोग्यमित्र माणसागणिक वेगळा निघतो म्हणून. चांगला आरोग्यमित्र तासाभरात फाइल चढवतो. कंटाळलेला ‘सर्व्हर डाउन’ म्हणून चहाला जातो.

धर्मादाय खाट: पाचपैकी तीन, पण ज्याला मिळते त्याला पाच

मोठमोठी ट्रस्टची रुग्णालयं, ज्यांच्या लॉबीत शिरताना चप्पल काढावी की काय असं वाटतं, त्यांतली बरीचशी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहेत. त्या कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड.

पैसा कुठून येतो हे कळलं की मागताना ओशाळल्यासारखं होत नाही. रुग्णालय निर्धन-दुर्बल सोडून बाकी सगळ्या पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात टाकतं आणि गरिबांची बिलं त्या खात्यातून वजा होतात. त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयाला द्यावा लागतो. म्हणजे कोणी उपकार करत नाही. करसवलत, स्वस्त जमीन वगैरे मिळवलेल्या संस्थेची ही बांधिलकी आहे.

निर्धन पेशंटला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, रुग्णालय देत असेल तर जेवण, हे सगळं मोफत. बाकीच्या सेवा सर्वात खालच्या वर्गाच्या दराने लावायच्या, औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीने, डॉक्टरांनी आपली फी सोडायची, आणि जे बिल तयार होईल ते निधीच्या खात्यावर. दुर्बल घटकाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांट यांच्या बिलाचा किमान निम्मा वाटा भरावा लागतो. तोही खरेदीच्या किमतीवर, छापील किमतीवर नाही, आणि गोम इथेच आहे. हिशेब कळण्यापुरते आकडे घेऊ: इम्प्लांटची छापील किंमत ६०,००० आणि रुग्णालयाची खरेदी ३५,०००, औषधांची खरेदी १५,०००. खरेदी मिळून ५०,०००, निम्मे २५,०००. बिलिंग क्लार्कने छापील किमतीवर निम्मे काढले तर नुसत्या इम्प्लांटचेच ३०,००० होतात. बिल हातात आल्यावर ही एकच ओळ तपासली तरी पुष्कळ.

तातडीच्या पेशंटला दाखल करून घेणं, जीव वाचवणारे उपचार देऊन स्थिर करणं आणि त्यासाठी डिपॉझिट न मागणं, हेही त्याच योजनेत आहे. प्रत्यक्षात डिपॉझिट मागितलं जातं. मागितलं तर ‘धर्मादाय योजनेखाली तातडीचा पेशंट आहे’ एवढं वाक्य वैद्यकीय समाजसेवकाच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या कानावर घालावं. काऊंटरवरच्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही, तिच्या हातात काही नसतं. एमएसडब्ल्यू हे या व्यवस्थेतलं कळीचं पद आहे. त्यांची खोली बहुधा तळमजल्यावर मागच्या बाजूला, रक्तपेढीच्या आसपास, आणि पाटीही छोटी.

‘खाटा भरल्या’ आणि ‘निधी संपला’ ही दोन ठरलेली उत्तरं. पहिल्याची शहानिशा धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर होते, तिथे रुग्णालयनिहाय राखीव खाटांची स्थिती असते. ती रोज अद्ययावत होतेच असं नाही, पण संकेतस्थळावर चार खाटा रिकाम्या दिसत असल्या आणि मोबाइल पुढे केला की बोलण्याचा सूर बदलतो. दुसऱ्या उत्तरावर लेखी मागावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ‘निधी शिल्लक नाही’ असं लिहून शिक्का मारायला सहसा कोणी तयार होत नाही. तरी अडलंच तर जिल्ह्याच्या धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात ती प्रत घेऊन जावं.

गुण कमी दिले कारण योजना माहितगाराला पावते. ज्याला कलम माहीत नाही, त्याला कोणी आपणहून सांगत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधी: पाचपैकी अडीच

हा निधी पूरक आहे, मुख्य नव्हे. फुले योजना, लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम किंवा धर्मादाय खाट यांतून काम होत असेल तर इथून मिळत नाही. म्हणूनच हा शेवटी. ठरलेल्या आजारांची यादी आहे: कर्करोग, हृदयविकार, मेंदूचे विकार, अवयव प्रत्यारोपण, अपघात, भाजणं, नवजात बाळांचे आजार, दोन ते सहा वर्षांच्या मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट वगैरे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार. मिळणारी रक्कम बहुतेक वेळा खर्चाचा एक हिस्साच भागवते, त्यामुळे हिच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख ठरवू नये.

कागद मोजके, पण चुका ठरलेल्या. सर्वात जास्त अर्ज अडतात ते एस्टिमेटवर. लेटरहेडवर ‘अंदाजे खर्च ४ लाख’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. पेशंटचं आधारप्रमाणे नाव, निदान, ऑपरेशनचं नाव, खर्चाची फोड, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि रुग्णालयाचा बँक तपशील हवा. खासगी रुग्णालयाचं एस्टिमेट असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणन लागतं, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलची एक फेरी. सोबत तहसीलदाराचा चालू वर्षाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, निदान सिद्ध करणारे रिपोर्ट. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी (रुग्णालयाने केलेली वैद्यकीय-कायदेशीर नोंद), प्रत्यारोपण असेल तर विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची नोंदणी. रुग्णालय निधीच्या यादीवर हवं, आणि अर्ज पोचताना पेशंट दाखल हवा. डिस्चार्ज झाला की फाइल बंद.

अर्ज ईमेलने जातो, तेव्हा सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, वाचता येतील असे. तिरके, अंगठा दिसणारे मोबाइल फोटो परत येतात. मंत्रालयात जाऊन रांग लावायची गरज नाही. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष सुरू झाले आहेत आणि टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११ आहे. आमदाराचं पत्र जोडलं तर बिघडत नाही, पण एस्टिमेट कच्चं असेल तर त्या पत्राने ते पक्कं होत नाही. आणि ‘दोन टक्के द्या, मी काम करून देतो’ म्हणणारा मंत्रालयाच्या दारात भेटो की गावात, तो दलाल आहे. या निधीला कुठलीही फी नाही.

अडकण्याचं मुख्य कारण दाखला. तलाठ्याचा अहवाल, मग तहसील, मग दाखला, यात जे दिवस जातात ते पेशंटला परवडत नाहीत. म्हणून निदान झाल्याच्या दिवशी घरातल्या एकाने आपले सरकार केंद्रात दाखल्याचा अर्ज टाकायचा आणि दुसऱ्याने रुग्णालय बघायचं. तोच दाखला धर्मादायलाही कामी येतो.

या तिघांच्या बाहेरचं

बाळाच्या हृदयात छिद्र निघालं तर वरच्या सगळ्या आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडी-शाळा तपासणारं पथक किंवा जिल्हा रुग्णालयातलं केंद्र ही त्याची वाट, आणि ऑपरेशनपर्यंत सगळं मोफत. रस्ते अपघात असेल तर केंद्राची मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली कॅशलेस योजना: अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, उत्पन्नाची अट नाही. पोलिसांकडे नोंद होणं मात्र आवश्यक, नाहीतर दावा लटकतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्न कितीही असो. निवृत्त शिक्षकांनाही ते मिळतं हे शेजारच्या आजोबांना सांगावं.

ऑपरेशन तातडीचं नसेल आणि जिल्हा रुग्णालयात होणारं असेल, जसं हर्निया, अपेंडिक्स, मोतीबिंदू, तर ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, महापालिकांची तिसऱ्याची. तिथे नाममात्र शुल्क लागतं, फुले योजना मात्र चालते.

बेळगाव, कारवार, कलबुर्गी आणि बिदर जिल्ह्यांतल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, पण उपचार पॅनेलवरच्याच रुग्णालयात हवेत. गोव्यात राहणाऱ्यांसाठी ही योजना नाही. त्यांची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख.

पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी मोठ्या आजारांना अंशतः मदत देतो, पैसे रुग्णालयालाच. वेळ लागतो, म्हणून प्रत्यारोपणासारख्या तारीख पुढे असलेल्या ऑपरेशनलाच तो धरावा. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटांचे ट्रस्ट यांच्याकडेही अर्ज करता येतात, आणि एमएसडब्ल्यूकडे अशा ट्रस्टांची हाताने लिहिलेली यादी असते. रकमा लहान असतात, पण तीन-चार ठिकाणचे मिळून औषधांचा खर्च निघतो.

ऑनलाइन वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांबद्दल आमचं मत सावध आहे. ज्याच्या ओळखीपाळखीत शंभर-दोनशे कमावती माणसं आहेत त्याचे पैसे जमतात, बाकीच्यांची पानं नुसती पडून राहतात. देणगीदाराच्या पानावर आपोआप भरलेली ‘टिप’ असेल तर ती शून्य करता येते का, आणि जमलेली रक्कम थेट रुग्णालयाला जाते का, एवढं आधी बघावं.

उरलेल्या रकमेसाठी स्वतःचा पैसा आधी: नोकरदाराला पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते, आणि ती कर्ज नसल्याने व्याज नाही. मग सोनं तारण. बिलिंग काऊंटरवरच ‘शून्य टक्के ईएमआय’ घेऊन बसलेला माणूस सगळ्यात शेवटी, प्रोसेसिंग फी विचारून.

बिलावरून पेशंट किंवा मृतदेह अडवून ठेवला जात असेल तर ते नियमात बसत नाही. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, आणि ठरावीक १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ॲडमिशनच्या वेळी त्या फलकाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.

डिस्चार्जच्या दिवशी फुले योजनेच्या पेशंटने समरी, औषधांची चिठ्ठी आणि फॉलोअपची तारीख घ्यावीच. शिवाय एक गोष्ट मागावी जी जवळजवळ कोणी मागत नाही: रुग्णालयातून घरापर्यंतचं एकदाचं प्रवासभाडं, एसटी किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासच्या दराने, पॅकेजमध्येच आहे. एसटीचं तिकीट म्हणजे फार पैसे नव्हेत, पण गडचिरोलीहून नागपूरला आलेल्या माणसाला ते लागतात.